साखरेला सोबत लागते

ही गोष्ट मी बरीच वर्षे टाळली. सांगायची वेळ आली की मी विषय बदलत असे, आणि मराठीचा मास्तर असल्यामुळे विषय बदलणे मला चांगले जमते. आता वय झाले. जिच्याविषयी सांगायचे ती व्यक्ती राहिली नाही. तेव्हा निदान लिहून तरी ठेवतो.

बाईंची आठवण आली की आधी त्यांची चिमूट दिसते. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की त्या पर्समधून कागदाची पुडी काढत, मिठाचे तीन-चार कण चिमटीत धरत आणि कपात सोडत. मग कप हलकेच फिरवून पहिला घोट घेत.

"बाई, चहात मीठ?" नवा माणूस हमखास विचारी.

"एकटी साखर दारातच उभी राहते, सर. तिला सोबत लागते."

नव्या माणसाला काही कळत नसे. आम्ही जुने लोक हसत असू. खरे तर आम्हालाही फारसे कळत नव्हते.

नव्वदचे दशक संपता संपता त्या आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला आल्या. शाळा नवेगाव बांधपासून जवळच. आमच्याकडे बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी नागझिऱ्याचा वाघ दिसतो का ते विचारतो. बाई आमच्याच जिल्ह्याच्या, बौद्ध घरातल्या. आईवडील दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, राबलेले आणि ही घरातली पहिली एम.एस्सी. त्यांना वाघाचे कौतुक नव्हते. "वाघ सगळेच पाहतात," त्या म्हणत, "वाघाच्या आतड्यात कुणी डोकावलं का?"

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. जगातल्या सगळ्या गोष्टींतून एकच गोष्ट ती निवडतात आणि तिच्यापुढे आयुष्यभर हात जोडून उभी राहतात. बाईंनी लहान आतडे निवडले होते. त्यातही सगळे आतडे नाही. साखर आत घेणारे तेवढेच दार.

एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. शाळेत एकच धड सूक्ष्मदर्शक होता. मी डोळा लावला. काचपट्टीवर गुलाबी बोटे उभी होती, एकाला एक लागून, दाट. मला नुकतीच रोवलेली बांधी आठवली.

"रोवणी झाल्यासारखी दिसते," मी म्हणालो.

बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी पुढे वर्गात तोच शब्द वापरला. "आता ऐका. या प्रत्येक बोटावर पेशी आहेत. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर पुन्हा बारीक झालर आहे, ब्रशाच्या केसांसारखी. ती या सूक्ष्मदर्शकातून नीट दिसत नाही. दारं त्या झालरीत आहेत."

"दिसत नाही तर तुम्ही इतक्या खात्रीनं कसं सांगता?"

"तुम्ही कवितेचा अर्थ सांगता तो दिसतो का, सर?"

मी पुन्हा डोळा लावला.

त्या दाराची गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की माझ्या शब्दांत सांगू शकतो. आपण खातो तो साखरेचा दाणा जोडीचा असतो. झालरीवरच त्याचे दोन तुकडे होतात. त्यांतला एक ग्लुकोज. ग्लुकोज दाराशी येतो, पण त्याच्यासाठी दार हलत नाही. दाराला खाचा आहेत. आधी तिथे मिठातले दोन सोडियम बसावे लागतात, मग शेजारी ग्लुकोज बसतो, आणि तेव्हा ते दार आतल्या बाजूला वळते आणि सगळ्यांना पेशीत सोडते. सोडियम एवढा ओढीने आत का येतो? तर पेशीच्या मागच्या बाजूला पंप आहेत. ते सोडियम सतत उपसून बाहेर काढत असतात, त्यामुळे पेशीत त्याची कायम टंचाई. टंचाईकडे सोडियम धावतो आणि त्याच्या धावण्यावर साखर आत येते. मागच्या बाजूला साखरेसाठी वेगळे दार आहे. तिथून ती उताराने रक्ताकडे जाते. आणि ही दोघे जिकडे जातात तिकडे पाणी जाते.

"पाणी कुणाचं ऐकत नाही, सर. या दोघांचं ऐकतं."

हे त्यांनी अकरावीच्या वर्गात माणसे उभी करून दाखवले होते. माझा वर्ग शेजारी. मी समासाचे प्रकार शिकवत होतो आणि माझ्या खिडकीसमोर एकेक मुलगा धपाधप पडत होता. बाहेर जाऊन बघतो तर बाईंच्या वर्गाच्या पुढच्या दारातून तिघातिघांच्या रांगा आत जात होत्या, दोघांच्या गालाला खडूची पूड, मधला कोरा. आणि मागच्या खिडकीतून दोन दांडगी मुले खडूवाल्यांना बाहेर लोटत होती.

"काय चाललंय रे?"

"मी मीठ आहे, सर," पडलेला मुलगा कपडे झटकत म्हणाला. "मले आत घेतात न लगेच फेकून राहिले. साखरेचं बरं हाय, थे मागच्या दारानं आरामात जाते."

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतले. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "पंप बंद करायला सांगितला. पंप बंद झाला तर माणूस मरेल, हे सरांना कोण सांगणार?"

पुढे त्यांनी खरे आतडे आणायचे ठरवले. गोंदियाहून आठवडी बाजारात येणारा कोंबडीवाला आणि बकऱ्याचे मटण विकणारा त्याचा भाऊ, दोघेही बाईंना ओळखू लागले. "मैडम, लोग मुर्गी ले जाते हैं, आँत फेंकते हैं. आप आँत ले जाती हो, मुर्गी छोड़ देती हो!"

आधी त्यांनी बकऱ्याचे आतडे घेतले. थर्मासमध्ये कोमट मिठाच्या पाण्यातून आणले, झालर बाहेरच्या बाजूला यावी म्हणून उशीची खोळ उलटावी तसे उलटले, दोन तुकडे केले, टोकांना दोरे बांधून पिशव्या केल्या. एक पिशवी नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात, दुसरी मीठ आणि ग्लुकोजच्या. माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून दोन्हींत हवा सोडली. अपेक्षा अशी की मीठ असलेल्या पिशवीच्या आत जास्त साखर सापडेल. दोन्ही पिशव्यांत सारखेच निघाले, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मुले हिरमुसली. बाई काही दिवस पुडी काढायलाही विसरल्या.

मग एका सकाळी त्या फाटकातूनच ओरडत आल्या. "सर, बकऱ्याची चूक नाही! बकरा पाला खातो. त्याच्या मोठ्या पोटातले जंतूच सगळी साखर संपवतात, आतड्यापर्यंत ती पोचतच नाही. पिल्लू दूध पितं तोवर दारं भरपूर असतात. पुढं ती जवळजवळ निघूनच जातात." त्या थांबल्या. "ज्या दारावर कुणी येत नाही, ते दार शरीर ठेवत नाही."

पुढच्या बाजारी कोंबडीचे आतडे आणले. या वेळी मीठ असलेल्या पिशवीतले पाणी साखर ओळखणाऱ्या निळ्या रसायनात गरम केल्यावर विटेसारखे लाल झाले. दुसरीतले हिरवट राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "कोंबडी सकाळीच गेली, सर. आतडं अजून कामावर आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते ते मी देवळात फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिकडे येतो.

त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत जवळच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, हगवण पसरली. बायका दिवसभर बांधीत वाकलेल्या, तहान लागली की तिथलेच पाणी पीत. लेकरेही तेच. नाल्याला पूर आल्यामुळे तालुक्याचा रस्ता बंद होता आणि आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडची ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची, पाकिटे संपली होती. बाई म्हणाल्या, पाकीट संपले म्हणून दार बंद झाले नाही. "हगवणीत शरीर पाणी बाहेर फेकत असतं, तरी हे एक दार चालूच असतं, सर. तेवढं पुरतं."

आम्ही दोघे टोल्यावर गेलो. पाणी उकळून निववले, दोन मोठ्या पितळी गंजांत भरले. लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाईंनी चमचा भरला, वरून बोट फिरवून सपाट केला आणि मला दाखवला. "असा. शीग नको." मग एक गंज, साखर आणि मिठाची पुडी मला समाज मंदिरात देऊन त्या टोल्याच्या पलीकडच्या टोकाला गेल्या; गंज उतरला की नवे पाणी मी करायचे होते.

शीग नको, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगणे अवघड आहे. आम्ही धानाचे लोक. पायली भरायची ती शिगोशीग, वर ढीग करून, घरंगळेपर्यंत. सपाट मोजणारा माणूस आमच्यात हलका समजला जातो. आणि पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर त्याची चर्चा लग्नापर्यंत चालते.

एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. पोरगी चार-पाच वर्षांची, डोळे खोल गेलेले. वाटी तोंडाला लावली की तोंड फिरवी.

"खारं लागते जी गुरुजी. पोरगी थुकून राहिली."

"हळूहळू पाजा, आजी."

म्हातारीने माझ्या हातातला चमचा पाहिला. "सपाट चमच्यानं साखर कोन देते जी? मास्तर होऊन कंजूष झाले का?"

बाजूच्या बाया हसल्या. मीही हसलो. आणि नव्या पाण्यात पुढचा चमचा मी शिगोशीग भरला. त्याच्या पुढचा तर हातानेच. मिठाची पुडी गुंडाळून ठेवली. लेकराला आवडत नाही ते कशाला? पोरीने वाटी घटाघटा रिकामी केली, दुसरी मागितली. "आता कसं!" म्हातारी म्हणाली. मला फार बरे वाटले. आयुष्यात मी इतक्या आनंदाने दुसरे काही चुकीचे केलेले नाही.

काय होत होते ते मला पुढे कळले. दाराची जेवढी ऐपत तेवढीच साखर आत जाते. उरलेली आतड्यात साचते आणि अंगातलेच पाणी बाहेर बोलावते. मी त्या पोरीला पाणी पाजत नव्हतो, तिच्या अंगातले पाणी काढत होतो.

दुपारपर्यंत तिची हगवण दुप्पट झाली. मान टाकली. आई बांधीतून धावत आली, चिखलाच्या पायांनी तिला मांडीवर घेऊन रडू लागली. माणसे जमली. एवढ्यात बाई आल्या, लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगातले पाणी गेल्यामुळे ती घडी तशीच उभी राहिली. मग त्या माझ्या गंजाकडे गेल्या, तळहातावर थोडे पाणी घेतले, चाखले.

"सर, साखर किती घातली?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही सांगितली तेवढीच."

एवढेच मी म्हणालो. बाईंच्या जिभेवर खरे काय ते होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी गंजाकडे.

मागून कुणीतरी बोलले, "म्या तं म्हनतच होतो, तिच्या हातचं पानी कायले पाजता म्हनून."

'हातचं पाणी' यात काय काय भरलेले आहे ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. बाईंच्या आजोबांच्या पिढीने धर्म बदलला होता. टोल्याने आठवण बदलली नव्हती. एका वाक्यात मी ते सगळे थांबवू शकत होतो. साखर मी टाकली, एवढे म्हणायचे होते.

"मग माझंच माप चुकलं असेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गंज उपडा केला.

आता त्यांच्या हातचे कुणी घेईना. मग बाई पोरीच्या आईजवळ बसल्या, थोडे अंतर ठेवून.

"माझे माय, रडू नको. तुझ्या घरचं मीठ आण, तुझ्या घरची साखर. पाणी तुझ्या चुलीवर उकळ. तुझ्या हातानं कर. मी शिवत नाही, फक्त सांगते."

"तुमच्या सांगन्यानं गुन येईन का जी म्याडम?"

"पेशीला हात दिसत नाही गं. मीठ न साखर दिसते."

मग बाई पोरीच्या घराच्या अंगणात उभ्या राहिल्या. बाहेर झिमझिम चालू होती, पण ओसरीवर त्या चढल्या नाहीत. तिथूनच हवेत बोट फिरवून चमचा सपाट कसा करायचा ते दाखवत होत्या. "आता चाख. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारं नको." ती आई सकाळपासून रडत होती, तिला चव बरोबर कळली.

चमचा, मग थांबा. पुन्हा चमचा. उलटी झाली तर थोडे थांबून पुन्हा. मी अंगणाच्या कडेला होतो. बाईंचे लक्ष पोरीच्या पोटावर होते, जणू कातडीच्या आतले त्यांना दिसत होते. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर मला ऐकू आले: "बसलं... आता शेजारी ती बसली... वळलं... आत." दर चमच्याला तेच. मला त्या क्षणी पहिल्यांदा खरोखर कळले की हे कुठल्याही पुस्तकातले नाही, या मरणाला टेकलेल्या लेकराच्या पोटात आत्ता चालले आहे. अब्जावधी दारे वळताहेत, कुणी सांगितल्याशिवाय, कुणाचा हात न विचारता. माझ्या खोटेपणाचा त्या दारांना पत्ताही नव्हता. त्यांना बरोबर मीठ आणि बरोबर साखर मिळाली, की ती आपले काम करत होती.

दिवस कलताना पोरीने डोळे उघडले आणि भोकांड पसरले. आई घाबरली.

"रडू दे!" बाई अंगणातून ओरडल्या. "डोळ्यांतून पाणी आलं बघ! पाणी आलं!"

बाईंच्या डोळ्यांतूनही येत होते. पावसात ते कुणाला वेगळे दिसले नाही.

पोरगी वाचली. आणि टोल्यावर गोष्ट अशी झाली: बाईच्या हातच्या पाण्याने पोरगी मरायला टेकली होती, आईच्या हातच्या पाण्याने वाचली. ही गोष्ट शाळेपर्यंत आली, पालकांच्या सभेपर्यंत आली. मी सभेत होतो. मी सभेचे इतिवृत्त लिहिले, सुवाच्य अक्षरात. संस्थेने बाईंची बदली दुसऱ्या गावच्या शाळेत केली. कारण शैक्षणिक सोय असे दिले होते.

जाण्याच्या दिवशीही त्यांनी चहात मीठ टाकले. मला काही विचारले नाही. मला वाटते, विचारले असते तर मी सांगितले असते. पण हे वाटणे फुकटचे आहे. त्यांनी एकदा विचारले होतेच.

बाई निवृत्त होऊन गोंदियाला राहू लागल्या, तेव्हा मी एकदा त्यांच्या घरी गेलो. बसमध्ये वाक्य पाठ केले होते. त्यांनी दार उघडले आणि "सर! या, या," म्हणाल्या, जणू मी रोजचा येणारा. प्रकृती ढासळली होती, आवाज तोच. चहा केला. पुडी काढली. स्वतःच्या कपात कण टाकले आणि मग, पहिल्यांदाच, माझ्याही.

"मजा सांगू, सर? आतड्यातली ती पेशी फार तर चार-पाच दिवस जगते. मग झडते. नवी वर सरकते. त्या टोल्यावर आपण उभे होतो ना, तेव्हाची एकही पेशी त्या पोरीच्या आतड्यात उरली नाही. माझ्यात नाही. तुमच्यातही नाही."

त्या हसत होत्या. ती माफी होती, की नुसते नेहमीसारखे आतड्याचे कौतुक, मला ठरवता आले नाही. मी वाक्य काढायला गेलो आणि म्हणालो, "चहा छान झालाय." बाहेर पडलो. त्या फाटकापर्यंत आल्या. "येत जा, सर," म्हणाल्या. ज्या दारावर कुणी येत नाही त्याचे काय होते ते मला त्यांनीच शिकवले होते. तरी मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या थंडीत त्या गेल्याचे कळले, तेही उशिरा.

मागच्या महिन्यात मी टोल्यावर गेलो. त्या पोरीच्या आईचे केस पिकले आहेत. पोरगी सासरी नांदते, तिला दोन लेकरे आहेत. मी ओसरीवर बसून सगळे सांगितले. साखर मी टाकली होती, मीठ मी बंद केले होते, आणि बाईंनी विचारल्यावर मी खोटे बोललो होतो. ती सुपातले तांदूळ निवडत ऐकत होती. मग हात थांबला.

"आता सांगून राहिले जी गुरुजी?"

तिने अंगणाकडे पाहिले.

"थे बाई माह्या अंगनात पान्यात उभी होती. म्या तिले वर ये नाही म्हनलं." ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. "मले कायले सांगता? जिले सांगाचं होतं थे तं गेली."

तिने चहा केला. आमच्या भागातला, पाकासारखा गोड. मी आत जाऊन मीठ मागितले. तिने काही न विचारता डबा पुढे केला.

बसमध्ये पाठ केलेले वाक्य मला अजून पाठ आहे. ते असे आहे:

बाई, तुमचं माप बरोबर होतं. साखर मी वाढवली होती. सगळ्यांसमोर तुम्ही मला विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर मी हे सांगायला हवं होतं. मला माफ करा.